सगळ्यांदेखत माफी

इंडोनेशियातल्या पेकालोंगानच्या त्या बाटिक कारखान्यात सकाळी मेण वितळायला लागलं की झुमरोतुनला वाटे, आपण जागे आहोत खरे, पण पुरते नाही. धूर डोळ्यांवर तरंगायचा, बांबूवर टांगलेली निळी कापडं संथ हलायची, आणि ओळीनं बसलेल्या बायका मेणाच्या लेखणीवर फुंकर घालत नक्षी रेखायच्या. लहानपणी ती इथं आली ती आईचं बोट धरून. लेखणी धरायला शिकवली म्बाह तार्वीनं. म्बाह म्हणजे आजी, सगळ्या कारखान्याचीच. पुढे झुमरोतुन मुकादम झाली तेव्हा मालक हाजी मुस्लिहनी एवढंच सांगितलं, "माणसं म्हणजे अल्लानं सोपवलेली अमानत, पोरी. शाबासकी सगळ्यांपुढे दे, चूक एकटीला गाठून सांग."

ऐकायला किती सोपं! रमजानच्या तोंडावर ऑर्डरींची घाई झाली आणि मुकादम बाईसाहेब हे साफ विसरल्या. तार्वीच्या कापडावर मेणाचा ओघळ उतरला, तशी झुमरोतुन सगळ्यांदेखत कडाडली, "डोळे गेले असतील तर घरी बसा, नातवंडं सांभाळा! माझं कापड कशाला नासता?" म्हातारीनं लेखणी पुसून ठेवली. संध्याकाळी झुमरोतुनला उमगलं, लवकर उरकावं म्हणून शेगडीची आच तिनंच वाढवून ठेवली होती. इतकं तापलेलं मेण कुणाच्याही हातून ओघळलं असतं. पण हे सांगायला तिची जीभ रेटेना.

मग रमजानभर तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. सूर्यास्ताला मगरिबची बांग होई, खजूर तोंडात पडे, आणि तिला वाटे, म्हातारी आत्ता हात पसरून काय मागत असेल? दुखावलेल्याची दुवा आणि अल्ला यांच्यात पडदा नसतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुपारी डुलकी लागली की स्वप्नात निळी कापडं आभाळभर पसरायची आणि त्यांवरून मेण तिच्या नमाजाच्या पांढऱ्या वस्त्रावर उतरायचं, गरम, सावकाश. ती दचकून उठायची. तार्वी समोर बसून नक्षी रेखत असायची, पहिल्यासारखीच. फक्त हिच्याशी बोलायची नाही.

झुमरोतुननं ठरवलं, ईद होऊ दे. ईदनंतर कारखाना उघडतो त्या दिवशी काम नसतंच. मालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे रांगेत उभे राहतात, हातात हात घेऊन "आतलं-बाहेरचं सगळं माफ करा" म्हणतात, आणि मग चिकट भाताचं लोपिस खोबऱ्याबरोबर खातात. वर्षभराचं सारं एका वाक्यात धुऊन निघतं. निदान तिची तशी समजूत होती.

रांग सरकत आली. तार्वीचे खरखरीत हात हातात आले. झुमरोतुन वाकून पुटपुटली, "म्बाह, आतलं-बाहेरचं सगळं माफ करा."

म्हातारी हात सोडेना.

"सगळं म्हणजे काय गं? गाठोडं बांधून देतेस होय? आणि कानात काय कुजबुजतेस? बोललीस तेव्हा तर रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू गेलं!"

मागची एकजण फिसकन हसली. मुकादमानंच चूक कबूल केली तर उद्या तिचं ऐकणार कोण? तरी झुमरोतुननं मान वर केली.

"ऐका सगळ्या," ती रांगेकडे वळून म्हणाली. "ते कापड म्बाहनी नाही नासवलं. आच मी वाढवली होती. त्याच संध्याकाळी मला कळलं, आणि मी गप्प बसले. म्बाह, त्याची माफी मागते."

"केलं माफ," तार्वी इतक्या चटकन म्हणाली की झुमरोतुन बघतच राहिली.

तिला राहवेना. "म्बाह, महिनाभर दुवेत माझ्याविरुद्ध काय मागत होतात?"

"विरुद्ध? वेडी की काय तू!" म्हातारीनं तिचा गाल चिमटीत धरला. "रोज एकच मागत होते. या पोरीला सगळ्यांपुढे बोलायचं धाडस दे, म्हणजे मला तिच्याशी पुन्हा बोलता येईल. दुवा कबूल व्हायला महिना लागला बघ."

झुमरोतुन तिच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली, आणि मागे रांग खोळंबून राहिली.