आमच्या आडनावाचा घोडा

पुण्यात भाच्याच्या साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी गाव विचारलं. "यवतमाळ जिल्हा," म्हणालो, तर त्यांनी हातातली जिलेबी ताटात ठेवली आणि चेहरा असा केला, जणू मी सुतकातून उठून आलोय. त्या वर्षांत कापसाने आमच्या जिल्ह्याला नको तेवढं प्रसिद्ध करून ठेवलं होतं. मी तर साधा दुकानदार. बाभुळगावात झेरॉक्स, टायपिंग आणि इंटरनेटचे दोन कॉम्प्युटर. घरी तसं बरं चाललं होतं. पण त्या गृहस्थांचा हिरमोड नको म्हणून मीही चेहरा पाडला आणि वाढायला आलेली जिलेबी नको म्हणालो. परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये रस्ताभर त्या जिलेबीचं वाईट वाटत राहिलं.

घरी येऊन इंटरनेटवर आमचं आडनाव शोधलं. काहीच निघालं नाही. जिल्ह्याचं नाव टाकलं, तर निघू नये ते सगळं निघालं. म्हटलं, बाकी काही नाही तर आपल्या आडनावाला तरी चांगला इतिहास मिळवून देऊ. आणि आडनावाची साइट काढली. कोणीही भाऊबंदाने यावं आणि आपली वंशावळ, फोटो, आठवणी टाकाव्यात. पासवर्ड सगळ्यांना एकच ठेवला, कारण आपल्या माणसांवर विश्वास ठेवावा असं माझं मत होतं. आता ते मत नाही. आडनाव इथे मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर हे वाचूनही कोणीतरी पासवर्ड मागेल.

भाऊबंद आले, पण इतिहास सोडून बाकी सगळं घेऊन आले. मुलींचे बायोडाटा आले. एकाने ट्रॅक्टर विकायला टाकला. 'पूर्वजांविषयी माहिती' या सदरात पहिली नोंद अशी पडली: "पऱ्हाटी लाल पडून राह्यली, काय फवारू?" पऱ्हाटी म्हणजे कपाशी, पूर्वज नव्हे.

लोकांना नमुना दाखवावा म्हणून मग प्रस्तावना मीच लिहिली. आमच्या देवघरात एक पितळी टाक आहे आणि त्यावर घोड्यावर बसलेला पुरुष आहे. तो खंडोबा आहे हे मला लहानपणापासून माहीत होतं. तरी लिहिण्याच्या भरात मी लिहून गेलो, की आपले मूळ पुरुष बहुधा नागपूरकरांच्या फौजेबरोबर घोड्यावरून या मुलखात आले असावेत. 'बहुधा' आणि 'असावेत' असे दोन दोन लगाम घातले होते. मला वाटलं, पुरे झाले.

अमरावतीच्या एका भाऊबंदाने 'बहुधा' काढला. दुसऱ्या कोणीतरी 'असावेत'चं 'आले' केलं. नागपूरकडच्या एकाने पूर्वजांच्या हाती तलवार दिली आणि घोडा पांढरा केला. पुढच्या लग्नसराईत आमच्या आडनावाच्या एका पत्रिकेवर गणपतीच्या खाली तोच घोडा छापून आला. मग यवतमाळला एका मंगल कार्यालयात आडनावाचा मेळावा भरला. स्टेजमागे भलंमोठं बॅनर होतं आणि त्यावर उधळलेला घोडा. मला शाल-श्रीफळ मिळालं. फोटोत मी घोड्याच्या मागच्या पायांखाली आलो आहे.

जेवणं झाल्यावर एका दूरच्या मोठेबाबांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "तू हे लिवलं, लय चांगलं केलं. आमच्या आज्यानं हेच सांगतलं होतं. पांढरा घोडा!"

त्यांच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा त्यांना माझीच प्रस्तावना कोणीतरी वाचून दाखवली असेल, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं भलतंच. म्हटलं, अरे, म्हणजे आपण लिहिलं ते खरंच निघालं! दुसरा साक्षीदार मिळाला! तिसरा मिळवावा म्हणून मी आठवड्यातच वणीला आत्याकडे गेलो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. ती अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती.

"आत्या, आपले पूर्वज घोड्यावर आलते ना?"

"कोन्त्या घोड्यावर?"

मी सगळी हकिकत सांगितली. तलवारीसकट. आत्या हसता हसता खोकायला लागली.

"बाप्पा! माह्या बापानं तं बैलाचं सांगतलं होतं. आन् बैलं बी आपले नोहोत, मालकाचे. ते हाकत आले आन् इथंच राह्यले म्हने. खरं खोटं मले का मालूम? मी काय होती तवा?"

"मग टाकावरचा घोडा?"

"थो देवाचा हाय ना रे! देवाचा घोडा तू कायले घेतं?"

मी वणीहून परतीची बस पकडली. दुकानात येऊन मी घोडा काढून टाकला, त्याच्या जागी आत्याचे बैल लिहिले, आणि फोन सुरू झाले. कोणी म्हणालं, मी विकला गेलो. कोणाला, ते त्यांनाही सांगता येईना. मी मात्र सत्यासाठी छळ सोसणाऱ्या माणसासारखा चेहरा करून काउंटरवर बसू लागलो. बायको म्हणाली, "पोट बिघडलं काय?"

मग एक दिवस गावाकडचा माझा थोरला चुलतभाऊ मोटारसायकलवरून आला. आमच्यातला कापूस लावणारा तोच. घरातली पोरं साइटवरचं वाचून दाखवत, तेवढाच त्याचा तिच्याशी संबंध. आल्या आल्या म्हणाला, "काहून काढला बे घोडा?"

"खोटा होता ना दादा. मीच लिवला होता."

"मालूम हाय मले. तू कधी गाढवावर तरी बसला काय?" तो स्टुलावर बसला. मी चहा सांगितला. चहा आला तसा त्याने बशीत ओतला. मग म्हणाला, "गावात टीव्हीवाले येतात. इचारतात, तुमच्या घरात कोणी गेलं काय? नाही म्हटलं का गाडी पुढं नेतात. म्हंजे आमी जित्ते हाओ, हे काही दाखवाजोगं नाही. यंदा कापसानं इज्जत ठेवली नाही. घोडा तरी राहू दे."

इतिहासातल्या सत्याचं महत्त्व यावर माझं भाषण तयार होतं. फोनवर बऱ्याच जणांना ऐकवलंही होतं. ते चहाबरोबर गिळलं. पुण्यात मी कोणी न मागता चेहरा पाडून दिला होता; इथे हा माणूस मान वर ठेवायला एक जनावर मागत होता, आणि मी ते काढून घेत होतो.

"दादा, घोडा ठेवतो. पण 'बहुधा' लावीन."

"लाव. अन् आत्यानं सांगतले ते बैलं?"

"ते बी ठेवतो. खाली."

"खाली काहून? बाजूले ठेव."

मी बाजूला ठेवले, आणि पासवर्ड बदलला. काही जण रागावून गेले आणि त्यांनी दुसरी साइट काढली, फक्त घोड्याची. ती आमच्यापेक्षा चांगली दिसते, हे कबूल केलं पाहिजे. रंगीत आहे.

दादा मात्र बाजाराच्या दिवशी दुकानात येऊ लागला. बैलांचं वाचून त्याला आपल्या बापाचं आठवत होतं. काका कापसाची गाडी घेऊन जिनिंगच्या कारखान्यात कसे जात, रांगेत गाडीखाली कसे झोपत, एकदा उतारावर गाडी उलटली तेव्हा रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कापूस भरायला कशी मदत केली. तो सांगे आणि मी टाइप करी. काकांना मी लहानपणापासून ओळखत होतो आणि यातलं मला काही म्हणता काही माहीत नव्हतं. वंशावळीत मात्र मी त्यांना ठसठशीत चौकटीत बसवलं होतं.

पहिली गोष्ट पूर्ण झाली तेव्हा मी त्याला वाचून दाखवली. "पहाटेच्या मंगल समयी त्यांनी बैलगाडीतून प्रस्थान केले..."

दादाने मला थांबवलं. "कोण गेलं?"

"काका."

"मंग 'बाबा गाडी जुतून निघाले' असं लिव ना. प्रस्थान कायले करते थो? कापूस इकाले जाऊन राह्यला."

मी खोडून तसं लिहिलं. "हं," तो म्हणाला, "आता पुढचं घे."