तिसऱ्या दिवसाचं हृदय

बिऱ्हाडे मॅडम गेल्याची बातमी मी जळगावला चहाच्या टपरीवर, शेजारच्या माणसाच्या हातातल्या पेपरात वाचली. चार ओळी होत्या. त्यातली एक अशी, की ‘प्रेमळ स्वभावाच्या प्राध्यापिका म्हणून त्या विद्यार्थिप्रिय होत्या.’ ते वाचून क्षणभर आशा वाटली, की गेलेली बाई दुसरीच कोणीतरी असेल. आमच्या मॅडम प्रेमळ नव्हत्या. पण खाली विषय छापला होता प्राणिशास्त्र, गाव धुळे... मी चहा तसाच ठेवून उठले.

आता काही आठवडे झाले. शोकसभाही झाली. ज्यांनी त्यांना नोकरीभर छळलं त्यांनीच फोटोला हार घातला आणि संस्थेचे अध्यक्ष माईकवर म्हणाले, ‘बाईंचं अंतःकरण लोण्याहून मऊ होतं.’ मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. मेलेल्या माणसाला गोड करून टाकलं, की त्याला कुणी मारलं हे विचारायची सोय राहत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

मी नरडाण्याची. वडील सभांना जायचे आणि येताना पत्रकांचे गठ्ठे आणायचे. आमच्या शाळेच्या पुस्तकांना कव्हरं त्या पत्रकांचीच असायची. ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता आला. विज्ञान शिकून जुनं सगळं जाळायचं असं ठरवून मी धुळ्याच्या कॉलेजात आले, आणि पहिल्याच तासाला मॅडमनी माझं नाव काढून घेतलं. त्या मुलांना गावाच्या नावानं हाका मारत. ‘ए सोनगीर, झोप झाली का?’ ‘ए नरडाणा, ते तोंड मिट, जबड्याचा धडा पुढच्या महिन्यात आहे.’ स्वतः त्या मुक्ताईनगरकडच्या एका खेड्यातल्या, बौद्ध घरातल्या. स्टाफरूममध्ये त्यांचा कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. कोंबडीच्या भ्रूणाचं प्रात्यक्षिक त्या स्वतःच्या हातानं घेत, त्यावर सहकारी म्हणत, ‘त्यांच्यात चालतं सगळं.’ जात न उच्चारता जात सांगण्यासाठी शिकलेल्या लोकांनी हे वाक्य खास तयार केलेलं आहे.

ते प्रात्यक्षिक हाच मॅडमचा एकुलता एक हट्ट होता. दर वर्षीच्या मुलांनी धडधडणारं हृदय एकदा तरी डोळ्यांनी बघितलं पाहिजे. तक्त्यावर नाही, काचपट्टीवर वाळलेलं नाही... जिवंत. त्यासाठी गावठी अंडी लागत. बाजारातल्या अंड्यांना कोंबड्याचा संग नसतो, त्यांच्यात काही वाढत नाही. एका मुलानं आळस करून बाजारातली आणली, तर मॅडम म्हणाल्या, ‘यातून काय निघणार, तुझा निकाल?’ मी डब्यात कोंडा भरून त्यात आईच्या कोंबड्यांची अंडी रोवली आणि एसटीत तो डबा मांडीवर घेऊन आले.

मग त्यांनी शिकवलं, ते आजही बोटांनी काढून दाखवू शकेन. अंड्यातला जीव आधी नुसता चकतीसारखा असतो. त्या चकतीच्या मध्यावर एक रेघ उमटते, आणि वरच्या थरातल्या पेशी त्या रेघेतून आत उतरतात. वरचा थर आणि खालचा थर यांच्या मधे त्या पसरतात. तो मधला थर, मध्यस्तर. वरच्यातून कातडी आणि मेंदू होतो, खालच्यातून आतड्याचं अस्तर. बाकी माणूस म्हणून जे उभं राहतं ते मधल्यातून. हाडं, स्नायू, रक्त, मूत्रपिंडं. आणि हृदय, जे सगळ्यांच्या आधी कामाला लागतं. ‘डोळे धड झालेले नसतात, पाय नसतात, पण हे सुरू झालेलं असतं,’ मॅडम म्हणायच्या. ‘याला कुणी विचारत नाही, कशासाठी धडधडतंस.’

मॅडमना मूल नव्हतं. ‘अंडी फोडते म्हणून कूस उजवली नाही,’ असं बायका बोलत. शिकलेल्या बायका, आमच्याच कॉलेजातल्या. एकदा ते वर्गाच्या दाराशी बोललं गेलं. मॅडमनी खडू खाली ठेवला नाही. ‘लिहून घ्या,’ म्हणाल्या. ‘गर्भाशय मध्यस्तरातून होतं. आणि ज्या जिभेनं लोक बोलतात तिचे स्नायूही मध्यस्तरातूनच. माझं एक काम करत नाही, त्यांचं दुसरं थांबत नाही.’ आम्ही लिहून घेतलं. कुणी हसलं नाही.

आमच्या वर्षी, जानेवारीतल्या एका शनिवारी, अध्यक्ष कॉलेज बघायला आले आणि त्यांना उबवणीच्या पेटीत गुरुवारी ठेवलेली अंडी दिसली. ‘विद्येच्या मंदिरात जीवहत्या नको, बाई.’ मॅडम म्हणाल्या, ‘साहेब, सोमवारी या. आत हृदय धडधडताना दाखवते. मग काय ते ठरवा.’ साहेब आले नाहीत. त्याच संध्याकाळी प्राचार्यांनी पेटीचं बटण बंद करायला लावलं आणि प्रयोगशाळेला कुलूप घातलं. हेतू थोर होता. अंडी आहेत तशी राहतील आणि पुढे एखाद्या शेतकऱ्याच्या कोंबडीखाली ठेवून सगळे जीव वाचवता येतील, असं त्या पदवीधरांना वाटलं. धुळ्याची जानेवारीची थंडी, सिमेंटची खोली. सोमवारी दार उघडलं तेव्हा ज्यांनी बटण बंद केलं होतं ते शिपाई नाना दाराशीच उभे होते.

‘बठ्ठा मरी ग्यात का, मॅडम?’

‘हो, नाना. सगळे.’

‘माले साहेबनी सांगं. मन्हा काय दोस शे यामा?’

‘तुमचा नाही. पण आत या आणि बघा. साहेब येणार नाहीत, त्यांच्या वाटचं कुणीतरी बघायला पाहिजे.’

त्यांनी आम्हाला एकेक अंडं फोडायला लावलं. कोमट मिठाच्या पाण्यात, नेहमीच्या पद्धतीनं, एकही न वगळता. प्रत्येकात ते होतं. रक्ताचं बारीक जाळं, मधे टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका. हलत नव्हता. एक मुलगी रडायला लागली. मॅडम तिला म्हणाल्या, ‘पुरे. दयेनं मेलेलं असं दिसतं. जर्नलमध्ये आकृती काढ, नावं दे.’

मी घरी जाऊन पत्रक लिहिलं. ते काय होतं सांगू? त्यात ‘खुनी’ होतं, ‘ढोंगी’ होतं, ‘रक्ताचा हिशोब’ होता. मॅडमनी ते लाल पेननं वाचलं. विशेषणं खोडत गेल्या, आणि शेवटी पानावर ‘बटण बंद केलं’ एवढंच उरलं. ‘नरडाणा, तुझं पत्रक म्हणजे नुसता वरचा थर,’ त्या म्हणाल्या. ‘कातडी आहे, मेंदू आहे. याला स्नायू कुठे आहेत? रविवारी अंडी घेऊन माझ्या घरी ये. वर्गालाही सांग.’

त्यांच्या घरी स्वयंपाकघरात पुठ्ठ्याचं खोकं होतं. आत चाळीसचा बल्ब, पाण्याची वाटी, वरून गोणपाट. तिसऱ्या दिवशी ओट्याभोवती आम्ही गर्दी केली. आधी मॅडमनी अंडं बिस्किटाच्या जुन्या डब्यावर धरलं. त्या डब्यात बल्ब होता आणि झाकणाला रुपयाएवढं भोक. कवच आतून नारिंगी झालं, शिरा दिसल्या. मग त्यांनी कात्री घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘तू बघावंस म्हणून हे मरणार आहे. तेव्हा नीट बघ.’

बशीतल्या कोमट पाण्यात तो ठिपका धडधडत होता. कुठलंच अंग पुरतं झालेलं नव्हतं, आणि हे चालू होतं. मंदावत गेलं... थांबलं. मॅडमनी तोवर नजर हलवली नाही.

याची शिक्षा त्यांना मिळाली. ‘संस्थेच्या भावना दुखावल्या’ म्हणून मेमो आला, भ्रूणशास्त्र काढून घेतलं, प्रयोगशाळेची किल्ली काढून घेतली. शेवटपर्यंत त्यांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना गांडुळाची बाह्यलक्षणं शिकवली आणि परीक्षेला पहारा दिला. भिंतीवर भ्रूणाचा रंगीत तक्ता लागला. त्यात मधला थर गुलाबी आहे. पुढच्या एकाही वर्गाला त्या धडधडतं हृदय दाखवू शकल्या नाहीत. त्यांचा हट्ट असा मारला गेला, कुणाचा आवाज न चढता, नियमाप्रमाणे.

इस्पितळात मी गेले तेव्हा पाय सुजलेले होते, उशाला ऑक्सिजन. ‘डॉक्टर म्हणतो हृदय मोठं झालंय,’ त्या थांबत थांबत म्हणाल्या. ‘अध्यक्षांना सांगू नको. शोकसभेत वापरतील.’ मी हसले, मग मला बघवेना, मी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर कुणीतरी केळ्यांची गाडी लावली होती. मागून आवाज आला, जुनाच, वर्गातला.

‘नरडाणा. इकडे.’

मी वळले. गळ्याच्या शिरेत ठोका दिसत होता, अनियमित, चुकत, पुन्हा सुरू होत. भेटीची वेळ संपेपर्यंत मी तो बघत बसले.

बिस्किटाचा डबा आता माझ्याकडे आहे. त्यांच्या भाचीनं भंगारात टाकायला काढला होता. गेल्या आठवड्यात आईकडून गावठी अंडी आणली, खोक्यात ठेवली, आणि गल्लीतल्या अकरावीच्या मुलींना तिसऱ्या दिवशी बोलावलं. त्यांच्यातल्या एकीच्या आईनं येऊन विचारलं, हे पाप कशाला. मी तिलाही बसवून घेतलं. डब्यातला बल्ब लावला, भोकावर अंडं धरलं. कवच नारिंगी झालं, शिरा दिसल्या, मधे तो ठिपका... मग मी कात्री उचलली आणि मॅडम ओट्याशी मला म्हणाल्या होत्या तेच म्हणाले.