दोन जागी ठेवलेले धवले

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याच्यासोबत धंदा मांडला त्या इरफानला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही— खरं तर म्हणूनच सांगवतंय.

अधूनमधून एखाद्या कॉलेजात मला बोलावतात. विषय ठरलेला: छोट्या क्लाउड कंपन्या मोठ्यांसमोर टिकतील का? मी टेचात सांगतो, नाही टिकत. मोठे फुकट जागा देतात, फोनमध्ये आधीच ठाण मांडून बसलेले असतात, आमच्यासारख्यांना विचारतो कोण? पोरं माना डोलावतात, शेवटी नारळ-शाल मिळते. बोलतो ते खोटं नाही हो. फक्त माझी कंपनी त्यामुळे बुडाली नाही.

कामतघरला वडिलांचे कापड विणायचे लूम होते, त्यांच्या वरच्या माळ्यावर आम्ही कंपनी चालवायचो. कारखानदारांची कापडाची डिझाइनं, लग्नाचे व्हिडिओ, असलं सगळं इंटरनेटवरून आमच्या मशीनवर येऊन पडायचं. मोठ्यांपुढे आमच्याकडे होतं काय? ओळख. काही अडलं तर कुठल्या परदेशी पत्त्यावर मेल टाकायची नाही, सरळ जिना चढून वर यायचं. आणि पाटीवर एक वचन होतं— तुमचा डेटा दोन जागी. एक प्रत कामतघरला, दुसरी मानकोलीला, इरफानच्या मामूंच्या गोदामात.

पहिलं वर्षभर ती तिथे होतीसुद्धा. मग मामूंनी गोदाम भाड्याने दिलं, आणि दुसरं मशीन मी उचलून आणून पहिल्याच्या शेजारी ठेवलं. तात्पुरतं, असं स्वतःलाच म्हणालो. इरफान दिवसभर ग्राहकांमागे फिरायचा, माळ्यावर फारसा नसायचा. त्याला सांगितलं, दुसरी जागा बघितली, तिथे हलवलंय. खोटं बोलायची काय गरज होती? काहीच नव्हती— आळस होता, आणि तो कबूल करायची लाज. खाली लूम धडधडायचे आणि वर माझ्या टेबलावरचा चहाचा ग्लास आपोआप सरकत जायचा. डिस्कला हादरे सोसत नाहीत हे लोकांना समजावून सांगणारा मी शहाणा, तो ग्लास रोज मागे ओढून ठेवायचो.

कोन गावच्या वंदनाताई ग्राहक झाल्या त्या माझ्या जिभेमुळे. त्यांची आई धवलारीण— आमच्या आगरी लग्नांत धवले गाऊन विधी चालवणारी बाई. वहीत काही नाही, सगळं तोंडपाठ. आई थकली तसे ताईंनी तिच्याजवळ बसून एकेक धवला फोनवर रेकॉर्ड केला. दोन वर्षं लागली, फोन भरला. भाचा म्हणत होता, मोठ्या कंपनीकडे टाक. मी म्हटलं, ताई, आईचा आवाज परक्याच्या दारात कशाला? आपण दोन जागी ठेवू, तुम्ही बिनधास्त फोन रिकामा करा. त्यांनी तो माझ्यासमोरच रिकामा केला. वर्षभरात म्हातारी गेली.

आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद. अशाच एका शुक्रवारी दुरुस्तीसाठी वीज दिवसभर गेली आणि बॅटरीही संपली. शनिवारी खाली खडखडाट सुरू झाला. वर दोन्ही मशीनच्या, हादऱ्यांनी आधीच खिळखिळ्या झालेल्या डिस्क टकटक करत राहिल्या, चालू काही झाल्या नाहीत. मुंबईच्या दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. बाकी ग्राहकांकडे त्यांच्या त्यांच्या प्रती होत्या. त्यांना म्हटलं, मशीन बिघडलं, ते चार शब्द बोलून गेले. इरफानला सांगितलं, दुसऱ्या जागेवरही विजेने घात केला. महिन्याभरात आम्ही पाटी उतरवली.

ताईंना मात्र मी फोन केला नाही. केला असता तर काय झालं असतं? रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या. बस, एवढंच ना? पण पाटी उतरायच्या आधी त्याच एकदा जिना चढून वर आल्या. मुलीचं लग्न ठरलं होतं, हळदीला आईचे धवले लावायचे होते. मी स्क्रीनकडे बघत म्हणालो, ताई, तुम्ही फोनमधून पुसलं ना, त्याबरोबर इथूनही गेलं. मोठ्या कंपन्यांच्या काही सेवांत तसं होतंही. आमच्याकडे होत नव्हतं. ते त्यांना कुठून कळणार? आणि फोन रिकामा करायला सांगितलं होतं कुणी— तेही त्यांनी काढलं नाही.

"म्हंजे आयचा आवाज मीच घालवला," एवढंच बोलल्या. मग मला उगाच तरास दिला म्हणून माझीच माफी मागितली. आणि मी— मी म्हणालो, असू दे ताई, होतं असं.

बाकी सगळ्यांना अर्धंमुर्धं का होईना, खरं सांगितलं. जिचं सगळं गेलं, तिच्याच पदरात खोटं टाकलं.

हळदीचं आमंत्रण आलं, आणि मी गेलो. न जाऊन शंका कशाला येऊ द्यायची, हा हिशेब. मांडवात ताई स्वतः आईचा धवला म्हणायला बसल्या. दोन ओळी आल्या, तिसरीला अडल्या. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, पुन्हा तिथेच. बायका थांबून राहिल्या. ताई लेकीचा हात धरून म्हणाल्या, "मना जमला न्हाय गो. तुझे आजीचा सगला माझ्याच हातशी पुसला गेला."

ताईंनी काहीही घालवलेलं नव्हतं. त्या मांडवात हे एकट्या मला माहीत होतं, आणि मी ताट घेऊन जेवणाच्या रांगेत पुढे सरकलो.