आपल्या माणसांतला रविवार

नरडाण्याच्या स्टेशनवर आम्हाला पोचवायला बारा माणसं आली होती आणि त्यांतल्या अकरा जणांनी मला एकच गोष्ट सांगितली: जळगावात आपली माणसं आहेत, काळजी करू नको. पॅसेंजर पाऊण तास उशिरा आली, तोवर तेच चाललं होतं. माझी मंगल नऊ वर्षांची, प्रकाश सहाचा. दोघं ट्रंकेवर बसून दशम्या खात होती. गाडी हलली तेव्हा माझे सासरे, आबा, खिडकीला धरून चार पावलं चालले आणि म्हणाले, "पोरेसले आपला माणसंमाच ठेवजो. लोकेसना घर नको." माझे वडील नाना मात्र मागं उभे होते. त्यांनी मला धुळ्यात देवपूरला ठेवून मॅट्रिक करवलं होतं, त्यावरून आयुष्यभर बोलणी खाल्ली होती. ते एवढंच म्हणाले, "नोकरी सोडू नको बेटा." तुम्ही जे मागं राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे गाठोडी बांधून निघालात, त्या सगळ्यांना आज सांगते, त्या स्टेशनवर खरं बोलणारा माणूस एकच होता.

मला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी लागली होती. मंगलचे वडील एस.टी.वर ड्रायव्हर. त्यांची सुट्टी बुधवारी, माझी मंगळवारी आणि पोरांची रविवारी. एका घरात तीन तऱ्हेचे रविवार. सोमवार ते शनिवार शाळा आणि शेजारपाजार यांच्यावर निभून जायचं, पण रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच मी एक्स्चेंजच्या बोर्डवर आणि हे शिरपूर नाहीतर चोपड्याच्या रस्त्यावर. पोरं कुठं ठेवायची? आता गल्लोगल्ली पाळणाघराच्या पाट्या दिसतात. तेव्हा तो शब्द आमच्या कानावरूनही गेला नव्हता. आई नोकरी करते म्हणजे तिच्या घरात काहीतरी कमी आहे, इतकंच लोकांना कळायचं.

आमची घरमालकीण मारवाडी होती, जैन. कापडाचं दुकान, घरात तीन मुली. आम्ही सामान उतरवत होतो त्याच दिवशी ती म्हणाली, "बच्चे इधर आँगन में छोड़ जाव, बाई. मेरी भी तीन खेलती है." मी हसून टाळलं. परक्यांकडं पोरं ठेवली हे गावात कळलं तर काय म्हणतील, हा विचार डोक्यात पक्का बसलेला. स्टेशनवरची ती अकरा तोंडं माझ्याबरोबर जळगावला आली होती.

तर आपली माणसं. ह्यांचा चुलतभाऊ आणि माझी जाऊ. बाजारपेठेत किराणा दुकान, मागं घर आणि दुकानात टेलिफोन, त्याचा काय तो तोरा! जाऊबाईंनी पहिल्या रविवारी पोरांना जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. "आपलंच घर शे," म्हणाल्या. मी आबांना पत्र टाकलं की पोरं आपल्या माणसांत आहेत. त्या पत्राची आता मला शिसारी येते.

दीड वर्ष असं चाललं. मंगल शनिवारी रात्री म्हणायची, पोटात दुखतंय. मी म्हणायची, नाटकं करू नको. तिच्या बोटांना भेगा पडल्या तेव्हा मी खोबरेल लावलं आणि थंडीला नावं ठेवली. रविवारी संध्याकाळी ती ताटावरच पेंगायची. प्रकाश मात्र खिशात चणे-फुटाणे घेऊन टुणटुणीत. खेळून दमली असेल, असं मी ह्यांना सांगत असे. मॅट्रिक पास बाई, दिवसभर लोकांचे आवाज ऐकून पोट भरणारी, आणि स्वतःच्या पोरीचं एवढंही ऐकू येऊ नये!

बोर्डवर आमचा आवाज वेगळा असायचा. हेडफोन चढला की गाव जिभेवरून उतरायचं. "जळगाव. बोला. कुठला नंबर हवाय?" असं स्वच्छ, कोरडं, इस्त्री केलेलं बोलणं. मी ऑफिसात आहे एवढंच जाऊबाईंना माहीत होतं; नंबर मागितल्यावर उत्तर देणारी बाई मी असू शकते, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. एरवी त्यांच्या दुकानातून ट्रंक कॉल दीरच करायचे. त्या रविवारी ते लग्नाला गेले होते. दुपारी त्यांचा नंबर बोर्डवर आला आणि जाऊबाई म्हणाल्या, "अहो बाई, धुळ्याचा नंबर द्या ना." जन्मात मला कधी 'अहो' न म्हणणारी ही बाई. गंमत वाटली. मी त्यांच्या बहिणीचा नंबर लावून दिला, बोलणं सुरू झालं याची खात्री केली, आणि मग आपल्या बाजूचा ऐकायचा खटका, 'की', बंद करायचा असतो, तो केला नाही. चोरून ऐकणं आमच्या कामात सगळ्यात मोठा गुन्हा. मी तो केला. मला जरा गंमतच ऐकायची होती, हे कबूल करते.

बहीण मोलकरणीबद्दल रडत होती. त्यावर जाऊबाई हसल्या. "माले काय मोलकरीन? दर रविवारले ती पोर येस ना. बठ्ठा भांडा घासस, धुणं धुस, फरशी पुसस. आठवडानं काम काढी ठेवस मी." बहिणीनं विचारलं, घरी सांगत नाही का? "कशी सांगी? मी तिले सांगेल शे, घर बोलशी त तुनी मायनी नोकरी सुटी आनि तुले गावले धाडतीन. शाळा बंद. तवयपास्नं तोंड उघडस नही."

माझे हात बोर्डवर तसेच राहिले. शेजारची ऑपरेटर काहीतरी विचारत होती, ते कळेना. माझी दहा वर्षांची पोर दीड वर्ष माझी नोकरी सांभाळत होती आणि मी तिला नाटकी म्हणत होते. जाऊबाईंची किळस आली हे खरं, पण त्याहून जास्त स्वतःची आली.

तीन मिनिटं झाली की ऑपरेटरनं मध्ये बोलायचं असतं. वेळ वाढवायची का, एवढंच विचारायचं. घड्याळाचा काटा तिथं आला आणि मी लाइनवर गेले. पण इस्त्रीचा आवाज निघालाच नाही.

"मी मंगलनी माय बोलस. तीन मिनिट व्हई ग्यात. आते मनी पोरले घर धाडा."

मी बोर्डातली कॉर्ड ओढून लाइन तोडली. बोलणं ऐकल्याबद्दल दुसऱ्या दिवशी मी स्वतःच सुपरवायझरबाईंना सांगितलं. त्यांनी तासभर झापलं आणि कागद काही वर पाठवला नाही.

पुढच्या रविवारी मी मालकिणीच्या दारात उभी राहिले. ती म्हणाली, "अब आई? मैं तो कब से बोल रही." अट एकच, त्यांच्याकडं जेवण दिवस मावळायच्या आत, पोरांनी तेव्हा हजर राहायचं. संध्याकाळी आले तर मंगलच्या मांडीवर मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप. माझं डोकंच फिरलं. मग दिसलं की तिच्या तिन्ही मुली तिथंच शेंगा सोलत होत्या, मालकीणही सोलत होती, आणि प्रकाशलाही बसवलं होतं. पाचही पोरं दाणे तोंडात टाकत होती. मी चपला काढल्या आणि त्यांच्यात बसले.

गावाहून आबांचं पत्र आलं. रक्ताची माणसं सोडून पोरं मारवाड्याच्या दारात टाकली, कुळाला काळिमा, वगैरे. जाऊबाईंनी काय केलं याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. मी सगळं लिहून कळवलं, तर दुसऱ्या पत्रात होतं की पोरीच्या जातीला कामाची सवय बरी. तिसऱ्याला मी उत्तर दिलं नाही. लग्नाकार्यात भेटलात की तुम्ही गावाकडची माणसं अजून त्याच तोंडानं विचारता, "घर कवय येशी?" घरी कधी येणार म्हणे! मला त्या 'घर' शब्दाचाच वीट आलाय.

मंगल स्वतः नोकरीला लागल्यावर एकदा मी तिला त्या दुपारचं विचारलं. ती म्हणाली, "मी काकूंच्या मागंच उभी होते गं, फरशी पुसत. फोनमधून तुझा आवाज बाहेर आला, आपल्या बोलीतला. काकूंचं तोंड पांढरं पडलं. मी फडकं तिथंच टाकलं, प्रकाशचा हात धरला आणि कुणाला न विचारता निघाले. घराला कुलूप होतं, तू पाचला येणार होतीस. आम्ही पायरीवर बसलो. दीड वर्षात तेवढाच रविवार मला सुट्टीसारखा वाटला."

त्या कुलूप लावलेल्या भाड्याच्या खोलीच्या पायरीला मी घर म्हणते. तुमचं तुमच्यापाशी ठेवा.