पाठाची मुलं

आमच्या बी.एड. कॉलेजच्या माहितीपत्रकात प्राध्यापकांची यादी छापलेली असे. नाव, पदव्या, शिकवण्याचे विषय आणि शेवटच्या रकान्यात ‘संशोधनाची आवड’. प्राचार्यांची आवड ‘बालकेंद्रित शिक्षण’. माझी ‘वर्गात मागे पडणारी मुले’. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा तिशीही गाठली नव्हती आणि तो रकाना वाचून मला स्वतःचंच कौतुक वाटायचं. आज ते माहितीपत्रक हाती लागलं तर चुलीत घालीन.

वर्षाच्या शेवटी प्रत्येक विद्यार्थ्याला शेजारच्या शाळेत परीक्षेचा पाठ द्यावा लागे. वर्गाच्या मागे दोन परीक्षक बसत, एक बाहेरचा आणि एक आमच्यातला. यात नापास झालं की वर्ष गेलं. त्या दिवशी सकाळीच वर्गशिक्षक हजेरीपट घेऊन पंधरा-वीस मुलं उठवत आणि मागच्या मैदानात खडे वेचायला धाडत. उरत ती ‘पाठाची मुलं’, प्रश्न संपायच्या आत हात वर करणारी. उठवलेली मुलं बहुतेक कुठल्या वस्त्यांतली असत, हे नागपूरकराला सांगायला नको. प्राचार्यांना हे ठाऊक होतं. मलाही होतं. मी स्वतः असल्याच निवडक वर्गावर पाठ देऊन पहिल्या वर्गात पास झाले होते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

एका वर्षी माझ्याकडे विज्ञानाला एक मुलगी होती. छप्पनला वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा आपण त्यांच्या खांद्यावर होतो, असं ती सांगायची. घरात शिकलेली पहिलीच. एका हायस्कुलात तिची जागा ठरली होती, पण बी.एड. झाली तरच.

पाठाच्या सकाळी ती माझ्याकडे तरातरा आली.

“मॅडम, अर्धी पोरं मागं खडे वेचून राहिली. मले पुरा वर्ग पायजे.”

“आज नको. आज परीक्षा आहे.”

“मंग वर्षभर तुमी आमाले काय शिकवलं? काहून शिकवलं?”

मला राग आला. तिच्या प्रश्नाचा नव्हे, तो माझ्या तोंडावर विचारल्याचा. माझ्या उत्तराची वाट न पाहता ती मैदानात गेली आणि सगळ्या मुलांना घेऊन आली. मातीच्या हातांनी मुलं मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली.

पाठ सातवीचा, हवेचा दाब. पाण्यानं भरलेल्या ग्लासावर पोस्टकार्ड धरून तो उलटा करायचा. ग्लास उलटण्याआधीच पहिल्या बाकावरच्या एकानं “हवेचा दाब!” म्हणून उत्तर ठोकलं. तिनं ग्लास मैदानातून आणलेल्या एका मुलीच्या हाती दिला. कार्ड निसटलं, फ्रॉक भिजला, वर्ग खो-खो हसला. तिनं शांतपणे ग्लास पुन्हा भरून दिला. या खेपेला कार्ड टिकलं. ती पोर ग्लासाकडे बघतच राहिली.

“बाई, पानी काहून नाई पडत?”

‘हवेचा दाब’वाल्यालाही ते सांगता येईना. मग जो वाद पेटला, त्यात मागचे बाकच पुढे होते. घंटा झाली तेव्हा फळ्यावर स्वाध्याय लिहायचा राहिला होता. इतके पाठ पाहिले मी, पण एखाद्या मुलानं खराखुरा प्रश्न विचारल्याचं तोवर ऐकलं नव्हतं.

बाहेरच्या परीक्षकांनी लिहिलं, “वर्गावर ताबा नाही. पाठ अपूर्ण.” आमच्यातली परीक्षक मी होते; नापासाचे गुण टाकून त्यांनी कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला. मी तोंड उघडणार तोच शेजारी उभे असलेले प्राचार्य हळूच म्हणाले, “तुमचा प्रबंध याच शाळेतल्या मुलांवर चाललाय ना? शाळा नाराज झाली तर पंचाईत व्हायची.”

मागे पडणाऱ्या मुलांवरचा माझा प्रबंध! त्यासाठी मी मूग गिळून सही केली. प्राचार्यांची मला आजही चीड येते. माझी त्याहून जास्त येते.

तिची हायस्कूलची जागा गेली. पुढच्या वर्षी ती त्याच शाळेत, पुन्हा सातवीवरच, पाठ द्यायला आली. सगळे हात वर, सगळी उत्तरं बरोबर, घंटेला स्वाध्याय फळ्यावर. परीक्षक खूश. तोवर माझा प्रबंध मंजूर झाला होता. बाहेर आल्यावर मी तिचं अभिनंदन केलं आणि अपराध्यासारखी पुटपुटले, “या वर्षीही शाळेनं मुलं उठवलीच म्हणायची.”

“शाळेनं नाई, मॅडम. या बारीले मीच उठवली. तुमाले पाहूनच शिकली.” तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. “थे ग्लासवाली पोरगी नापास झाली, सातवीतच हाय अजून. तिले सगळ्यात पयले उठवलं.”