चांदणी लावलेलं प्रकरण

माझा भाऊ गेल्यानंतर त्याच्यावर आळ घेतला गेला, आणि तोही एका चांदणीवरून. या गोष्टीला बरेच महिने झाले, पण आठवण झाली की अजून माझं डोकं सणकतं. वहिनीचं सणकत नाही, ती शांत आहे, असं लोकांना वाटतं. लोकांना वहिनीबद्दल बरंच काही वाटतं.

वहिनीला लहानपणापासून दिसत नाही. अंधांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात ती कॉम्प्युटर सांभाळते. हौशी वाचक पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करतात. त्या फाइली साफ करून, जुळवून सभासदांपर्यंत पोचवायचं काम तिचं. संस्थेच्या वार्षिक अहवालात दर वर्षी तिचा फोटो छापतात आणि खाली 'जिद्द' वगैरे काहीतरी लिहितात. ती नेमकं काय करते हे त्यात एकदाही आलेलं नाही. म्हणून मीच सांगते.

ती माउसला हात लावत नाही. काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करते. ते हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात. शेल आज्ञाधारक आहे, पण त्याला अजिबात पोच नाही. नावाच्या मधे रिकामी जागा आली की तो एका नावाची दोन नावं करतो. आणि चांदणीचं चिन्ह, तेच फोनच्या बटणावर असतं ते, त्याच्या लेखी 'इथलं सगळं' असं असतं. म्हणून बाहेरून आलेलं कुठलंही नाव त्याच्या हाती देण्याआधी अवतरणचिन्हांत बंद करायचं. मग आत चांदणी असो नाहीतर प्रश्नचिन्ह, तो त्याला निमूटपणे नाव समजतो. नावातच अवतरणचिन्ह असेल तर त्याचा आणखी वेगळा बंदोबस्त. वहिनी हे सगळं डोळ्यांत तेल घालून करते, असं मी एकदा बोलून गेले, तर ती पोट धरून हसली.

तिचा कॉम्प्युटर पडद्यावरचं वाचून दाखवतो. बाकीचे लोक त्याला चिन्हं गाळायला सांगतात, कानाला त्रास नको म्हणून. वहिनी एकही गाळू देत नाही. 'रिकामी जागा, चांदणी, अवतरण सुरू' असा त्याचा सपाटा चालू असतो. दादा, म्हणजे माझा भाऊ, जेवताना त्याची नक्कल करायचा. भाजी, स्वल्पविराम, रिकामी जागा, मीठ, प्रश्नचिन्ह. वहिनी त्याला 'पूर्णविराम' म्हणून गप्प करायची. नणंद-भावजयांचं पटत नाही म्हणतात, पण दादा-वहिनीच्या भांडणात मी कायम वहिनीच्या बाजूनं असायचे.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा आणि दुकान बंद केलं की ग्रंथालयात जाऊन पुस्तकं वाचायचा. आवाज भरदार, आणि स्वभाव घड्याळजीचाच. एक शब्द अडखळला तरी त्याला चैन पडायचं नाही. मनासारखं न झालेल्या प्रकरणाच्या नावापुढे तो जागा सोडून एक चांदणी टाइप करायचा. चांदणी म्हणजे पुन्हा वाचायचं. शेवटचं पुस्तक, एका जुन्या समुद्रप्रवासाचं, जवळजवळ संपत आलं होतं. चांदणी लावलेली दोन-तीन प्रकरणं राहिली होती, आणि दुकानातच त्याचं हृदय थांबलं.

आधीची पुस्तकं सभासदांकडे गेलेली होती, ती कुठे ना कुठे आहेतच. हे एकच पुस्तक बाहेर गेलं नव्हतं. वहिनी ते स्वतः जुळवत होती. मुद्दाम सावकाश. ते संपलं की दादाचं नवं काही ऐकायला उरणार नव्हतं. मी तिला घाई कर असं एकदाही म्हटलं नाही. घाई करणारा दुसराच कुणी होता.

संस्थेनं नवा कॉम्प्युटर अधिकारी नेमला होता. प्रत्येक कामाला 'झटपट करून टाकू' म्हणायचा, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव झटपट पडलं. पहिल्याच आठवड्यात वहिनीनं त्याला बजावलं होतं की वाचकांनी दिलेली नावं अवतरणांत घातल्याशिवाय शेलला द्यायची नाहीत. त्यानं मान डोलावली असणार. तिला ती काय दिसणार!

संचालकांना डिस्कवर जागा हवी होती. झटपटनं बघितलं की चांदणी लावलेल्या फाइली वाचकानंच खराब ठरवल्यात, मग त्या उडवायला हरकत नाही. वहिनीला विचारायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत. एक छोटा प्रोग्राम लिहून ती नावं एकामागून एक पुसण्याच्या हुकमाला जोडली, अवतरणांशिवाय. शेलनं नावाचे तुकडे केले आणि शेवटचा तुकडा वाचला: चांदणी. इथलं सगळं. त्यानं दादाच्या फोल्डरमधलं सगळं पुसलं. राखीव डिस्क दर तासाला मूळ डिस्कची हुबेहूब नक्कल करते, तिनंही नक्कल केली.

सोमवारी वहिनीनं दादाचा फोल्डर उघडला. एवढी बडबड करणारं ते यंत्र दोनच शब्द बोललं. शून्य फाइली. परत मिळवायचे प्रयत्न झाले, पण त्या जागेवर तोवर नवी रेकॉर्डिंग चढली होती. त्या दिवशी घरी आल्यावर तिनं चप्पलसुद्धा काढली नाही. तशीच खुर्चीत बसून राहिली.

मग आला चौकशीचा अहवाल. त्यात लिहिलं होतं की वाचकानं फाइलच्या नावात अयोग्य चिन्ह वापरल्यामुळे पुस्तक नष्ट झालं. म्हणजे माझ्या दादानंच ते पुसलं. वहिनीनं खाली सही करायची होती. मी हट्टानं तिच्याबरोबर बैठकीला गेले. झटपट टेबलाखाली पाय हलवत होता. संचालक अगदी मऊ आवाजात म्हणाले, ''ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो.''

''भावना राहू द्या,'' वहिनी म्हणाली. ''अवतरणं कुठे आहेत ते सांगा.''

झटपटनं तोंड उघडलं. फाइलच्या नावात चांदणी कोण ठेवतं, असं त्याचं म्हणणं होतं.

''माझा नवरा ठेवायचा. त्यानं काय वाटेल ते ठेवावं. ते नावच राहील हे बघायला तुम्हाला इथे बसवलंय.''

तिनं सही केली नाही. संचालकांनी तो कागद तिच्या सहीशिवायच फाइलला लावला आणि पुढच्या विषयाकडे वळले. चहा आला. मला तो कप भिंतीवर फेकावासा वाटत होता, आणि फेकला नाही याची चुटपुट अजून आहे.

घरी आल्यावर वहिनीनं तिचा स्वतःचा लॅपटॉप उघडला. नवा प्रोग्राम लिहिला की ती तो सगळ्यात वेड्यावाकड्या नावावर चालवून बघते. त्यासाठी कधीतरी तिनं दादाचं एक प्रकरण घरी उचलून आणलं होतं, कारण रिकाम्या जागा, प्रश्नचिन्ह, अवतरण आणि चांदणी हे सगळं एकाच नावात दुसऱ्या कुणाकडे मिळणार? चाचणीपुरतं आणलेलं, म्हणून ते तिच्याही लक्षातून गेलं होतं.

आम्ही ते लावलं. दादा वाचतोय, खोकतोय, एका बंदराच्या नावाशी चारदा अडतोय. शेवटी वैतागून मायक्रोफोनलाच म्हणतो, ''हे काही खरं नाही. ऐकत असशील तर पुसून टाक गं. उद्या नीट वाचतो.''

एवढ्या मोठ्या पुस्तकातलं त्यानं टाकून दिलेलं तेवढंच उरलं. मला रडू आलं ते दुःखानं कमी आणि संतापानं जास्त. वहिनीनं ते पुन्हा पहिल्यापासून लावलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ती फाइल, खोकल्यासकट, सभासदांना पाठवायच्या यादीत टाकली. दुपारी झटपटचा फोन आला. तिनं तो स्पीकरवर ठेवला. यादीत नाव घेताना प्रोग्राम अडतोय, तेवढी चांदणी काढून टाकली तर झटपट होऊन जाईल, असं तो सांगत होता.

''चांदणी राहील,'' वहिनी म्हणाली. ''त्याला अजून नीट वाचायचंय.''