सर्जापूर रोडवरून दिसणारा बार

बेंगळुरात बेळ्ळंदूरच्या सिग्नलला अडकलेल्या माणसाला काय विकता येत नाही ते सांगा. मी तिथे रोज अडकायचो, त्यामुळे थायलंडच्या किनाऱ्यावरचा एक बार माझ्या गळ्यात मारणाऱ्याला फारसे कष्ट पडले नाहीत. ऑफिसच्या सहलीत तिथे गेलो होतो. झावळ्यांचं छप्पर, बांबूचा काउंटर, पुढ्यात समुद्र. मालक माझ्याच वयाचा, मला ‘बॉस’ म्हणायचा. ऑफिसात मला बॉस म्हणणारे माझी पाठ वळल्यावर हसतात. हा तोंडावर हसत होता. तेवढ्यावर मी त्याला प्रामाणिक ठरवला.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न होता, आणि उत्तर आमच्याच बाल्कनीत खुर्ची टाकून बसलं होतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्तीच्या आधी त्यांनी देवनहळ्ळीला साइट घेतली. बेंगळुरात प्लॉटला साइट म्हणतात, आणि साइट घेतलेल्या माणसाला झोप नसते. आपण पाठ फिरवली की शेजारचा कुंपण सरकवणार, अशी इथे प्रत्येकाला भीती असते, आणि शेजारचे ती सहसा खोटी पडू देत नाहीत. म्हणून अण्णा दर रविवारी विमानतळाच्या बाजूची बस धरून तिकडे जायचे. कोपऱ्यांच्या दगडांना चुना लावायचे, गवत उपटायचे, शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनला ‘स्वल्प नोडकोळ्ळी’, जरा लक्ष ठेवा, असं सांगायचे आणि मातीने भरलेल्या चपला घेऊन संध्याकाळी परत यायचे. आमच्या चौदाव्या मजल्यावर त्यांचा जीव रमत नव्हता. साइटवर बैठं घर बांधायचं, दारात कढीपत्ता लावायचा, आणि मेल्यावर आपल्याला लिफ्टमध्ये उभं करून खाली न्यायला लागू नये, एवढी त्यांची मागणी होती.

मी ती साइट विकायला निघालो.

“दोन वर्षांत बारच्या कमाईतून याच्या दुप्पट जागा घेऊन देतो,” मी म्हणालो.

“तिथे आपलं नाव लागतं का?”

“परदेशी माणसाच्या नावावर तिथे जमीन होत नाही, अण्णा. कंपनी काढायची आणि जास्त हिस्सा तिथल्या माणसाचा दाखवायचा. नुसता कागदावर.”

“म्हणजे बेनामी.”

“इथे नाही का लोकांनी दुसऱ्यांच्या नावावर शेतजमिनी घेतल्या?”

“घेतल्या ना. आता कोर्टाच्या बाकावर बसलेले असतात, जाऊन भेट.”

माझी बायको पुण्याची, आयटीतलीच. ती लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाली, “अण्णा, सही करू नका. याला सोसायटीत स्वतःचं पार्किंग सांभाळता आलं नाही.”

अण्णांनी सही केली. एकुलता एक मुलगा असला की माणसाची अक्कल अशीच गहाण पडते. सबरजिस्ट्रारच्या ऑफिसातून बाहेर पडताना ते एवढंच म्हणाले, “सरी, ठीक आहे. आता जागेवर नजर ठेव. नजर हटली की जागा गेली.”

वडिलांचा हा एकच सल्ला मी आयुष्यात पाळला. बारमध्ये काउंटरच्या वर कॅमेरा बसवला आणि ट्रॅफिकमध्ये मोबाइलवर माझा समुद्र बघत बसू लागलो. नुसतं बघून भागेना, म्हणून रोज सकाळी व्हिडिओवर मीटिंग सुरू केली. पहाटेपर्यंत दारू वाढून झोपलेल्या माणसांना उठवून मी विचारायचो, काल काय केलं, आज काय करणार, कामात काही अडचण? अडचण त्यांना स्क्रीनवर समोर दिसत होती. ती माणसं सभ्य होती, बोलली नाहीत.

मालक झाल्यावर एकदा तिथे गेलो, तर उत्साहाने ट्रे उचलला. भागीदाराने, म्हणजे त्या जुन्या मालकानेच, तो हातातून काढून घेतला. “बॉस, तू परदेशी. कामाचा परवाना नाही. ग्लास विसळलास तरी पोलिस धरतील.” स्वतःच्या बारमध्ये मला फक्त गिऱ्हाइकाचं काम करायची मुभा होती. ते मी मन लावून केलं.

इकडे अण्णांचे रविवार रिकामे झाले होते. त्यांना टॅबलेटवर कॅमेरा लावून दिला. मग ते बाल्कनीत तो मांडीवर घेऊन बसायचे. “आज गर्दी आहे बरं का,” असं म्हणायचे. किंवा, “तो कोपऱ्यातला गोरा बिल न देता गेला बघ, तुझी माणसं झोपलीत.” मला वाटलं, म्हातारा रमला.

एका सकाळी मीटिंगला कुणीच आलं नाही. कॅमेऱ्यात पाहिलं तर शिडी लावून नवी पाटी चढवत होते. फोन लावला. “बॉस,” भागीदार हसत म्हणाला, “कंपनीने ठरवलं. कंपनीत जास्त हिस्सा माझा.”

तिथल्या वकिलाने फोनवर माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “तक्रार जरूर करा. पण नावापुरता भागीदार ठेवणं हा इथे गुन्हा आहे. गुन्हेगार तुम्ही दोघंही. फरक इतकाच की त्याला देशाबाहेर काढता येत नाही.”

घरी मी सांगितलं की पाटी रंगवायला काढलीय. आणि ‘आढावा घ्यायला’ म्हणून विमानात बसलो.

भागीदार काउंटरमागे ग्लास पुसत होता. मी वडील म्हणालो, म्हातारपण म्हणालो, घर म्हणालो. माझं इंग्रजी त्याला नेहमी छान कळायचं, त्या दिवशी कळेना. मी हात जोडले. त्याने एक शहाळं सोलून माझ्यासमोर ठेवलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. शेवटी माणूसच आहे, असं वाटलं. मी नळी तोंडाला लावली तेव्हा त्याने शेजारी बिल ठेवलं. मी दिलं. सवयीने वर टिपही ठेवली.

परत आल्यावर जेवणाच्या टेबलावर मी सगळं झकास रंगवून सांगितलं. भागीदार कसा गळ्यात पडला, यंदा नफा दुप्पट करतो म्हणाला, बसवून शहाळं पाजलं. बायको वाढत होती. अण्णा भात कालवत होते.

“शहाळ्याचे पैसे तू दिलेस,” बायको म्हणाली.

“तुला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“आवाज येत नाही रे त्यात,” अण्णा म्हणाले, “पण हात जोडलेले दिसतात. उभा कशाला होतास एवढा वेळ? खुर्च्या रिकाम्या होत्या की.”

कॅमेऱ्याची जागा मीच ठरवली होती. काउंटरशी आलेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा नीट दिसला पाहिजे, असं बजावून सांगितलं होतं.

अण्णांनी भात संपवला, पाणी प्यायले. मग अगदी सहज, उद्या दूध जास्त घे म्हणावं तसं, म्हणाले, “देवनहळ्ळीला एक कॅमेरा लावून विकायचीस. ती तरी दिसली असती.”

बायकोने त्यांच्या वाटीत ताक घातलं. मला विचारलं नाही.